भाव न विचारता धरलेला शिंगाळा

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात ‘राम राम’ म्हणणं बंद पडलं होतं. दोन माणसं रस्त्यात भेटली की एक म्हणायचा, “काय भाव?” आणि दुसरा कापसाचा भाव सांगायचा. सांगणाऱ्याला तो कालच्यापेक्षा जास्त वाटायचा, ऐकणाऱ्याला उद्याच्यापेक्षा कमी वाटायचा, आणि दोघंही खुशीत आपापल्या वाटेने जायचे. वलगावच्या मारुतीचा पुजारीसुद्धा अंगारा लावता लावता हळूच भाव विचारून घ्यायचा.

कारण असं सांगत की साता समुद्रापलीकडे मरिका नावाचा मुलूख आहे, तिथे भावाभावांत लढाई जुंपली आहे, त्यामुळे त्यांचा कापूस विलायतेला जात नाही आणि आमचा जातो. मरिका नेमकी कुठे हे आमच्या भातकुलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मोर्शीच्या पलीकडे, सातपुडा उतरून गेलं की लागत असावी, असा जाणत्यांचा अंदाज होता. पण त्या भावांचं भांडण मिटू नये म्हणून गावात नवस बोलले गेले होते. पैसा इतका झाला की भगवंत पाटलाने म्हशीवर उन्हात छत्री धरायला एक माणूस ठेवला. म्हैस पहिल्याच दिवशी छत्रीला भिऊन पळाली ती परत आली नाही. माणूस अजून कामावर होता.

मी शालिकराम. आईबाप मागे काळी जमीन ठेवून गेले होते, त्यामुळे मीही श्रीमंत होतो. मी एक पागोटं घेतलं होतं, इतकं लांब की बांधायला सुरुवात केली की शेजारी आपापली कामं उरकून येत. गावात माझी दुसरी ख्याती म्हणजे माझं तोंड. ते बंद राहत नसे.

आता वलगावच्या पार्बताविषयी. भातकुलीहून अमरावतीला जाताना वलगाव वाटेत लागत नाही. पण मला त्या दिवसांत भातकुलीहून कुठेही जाताना वलगाव वाटेतच लागायचं. तिथल्या विहिरीवर मी तिला पहिल्यांदा पाहिलं आणि एक विनोद केला. तिने तो ऐकून घेतला, घागर डोक्यावर ठेवली आणि काही न बोलता निघून गेली. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तिथून गेलो, तर ती मला पाहून खो खो हसली.

“तवा काहून नाही हसल्या?” मी विचारलं.

“तवा डोक्यावर घागर होती,” ती म्हणाली.

आठवडाभर हसू जपून ठेवणारी बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी त्याच दिवशी ठरवलं.

पार्बता विधवा होती. तिचा नवरा भला माणूस होता. एक दिवस जेवता जेवता त्याला रस्त्यावर बैलांची घुंगरं ऐकू आली. अमरावतीहून परतणारी गाडी. तो हात न धुता धावला, “काय भाव?” असं ओरडत गाडीला आडवा गेला, आणि बैलांना भावाशी काही देणंघेणं नसल्यामुळे ते थांबले नाहीत. लोकांनी त्याला चाकाखालून काढलं तेव्हा थोडा जीव होता. त्याने गाडीवानाकडे मान वळवून पुन्हा तेच विचारलं. गाडीवानाने रडत रडत भाव सांगितला. “वाढला,” असं म्हणून त्याने डोळे मिटले. पार्बता हे दारात उभी राहून पाहत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

आमच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे तिचं दुसरं लग्न रीतसर होतं. वर्ष सरल्यावर नत्थुजीकडे, म्हणजे तिच्या बापाकडे, माणसं येऊ लागली. पार्बताने बापाला एवढंच सांगितलं, “बाबा, मले नवरा पायजे. भाव सांगाले बाजार आहे.” आणि तिने अट घातली. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पेढी नदीच्या डोहावर, जिथून अमरावतीच्या गाड्या नदी ओलांडतात तिथे बसायचं. भाव विचारायचा नाही, सांगायचा नाही, मुद्दाम कान देऊन ऐकायचाही नाही. एवढं ज्याला जमेल त्याच्याशी पाट.

नत्थुजीला गळ टाकण्याचा नाद होता. त्याने अटीला आपली एक अट जोडली. “माणूस नुसता बसवला तर गप्प आहे का मेला हे समजत नाही. त्याच्या हाती गळ देऊ. डोहातला म्हातारा शिंगाळा त्यानं काढला पायजे. मले बी जावयाचा काही उपयोग होऊ दे.”

माझी आणखी एक अडचण होती. मी कुंवारा. आमच्या रीतीने कुंवाऱ्याला विधवेशी पाट लावायचा असेल तर आधी त्याचं लग्न रुईच्या झुडपाशी लावतात, ज्याची पानं मारुतीला वाहतात त्या रुईच्या. मग तो लग्न झालेला ठरतो. मी झुडपाला तयार होतो. झुडपाची अट काही नव्हती.

माझ्याआधी तिघे बसून गेले होते. पहिल्याने दुपारपर्यंत दम धरला, मग त्याला झोप लागली आणि त्याने झोपेत विचारला. दुसऱ्याने विचारला नाही, पण रस्त्यावरून कोणी तरी चुकीचा भाव ओरडत गेला आणि त्याला ते सहन झालं नाही. तो उठून रस्त्यापर्यंत गेला आणि दुरुस्त करून आला. तिसरा मौनव्रत घेऊनच आला होता. त्याने बोटांनी विचारला.

शके सतराशे सत्त्याऐंशीच्या वैशाखात माझी पाळी आली. माझा दोस्त शफीक दलाली करायचा. तो आणि मी माझ्या वर्षाच्या सगळ्या कापसाची गाडी घेऊन आदल्या दिवशीच वलगावात येऊन राहिलो. सकाळी तो गाडी घेऊन अमरावतीला जाणार होता आणि मी डोहावर बसणार होतो.

“पाह्य शालिक,” शफीक जू बांधताना म्हणाला, “आज तुले बोलून राहिलो ते ध्यानात ठेव. मी परत येईन तवा तू मले काही इचारू नको.”

“नाही इचारत.”

“अन् मी सांगाले लागलो तर माझं ऐकू नको.”

“तू काहून सांगशील?”

“आदत आहे बे, भाई. माझं पोट कच्चं आहे.”

तो गेला. मी डोहावर गेलो. करंजाच्या मुळ्यांपाशी नत्थुजी मडकं घेऊन बसला होता. त्या मडक्यात कोंबडीची आतडी घालून त्याने ती उन्हात ठेवली होती आणि वर सरकीची ढेप कुस्करली होती. त्याने झाकण काढलं तेव्हा वाऱ्याने दिशा बदलली.

“हे काय आहे मामाजी?”

“शिंगाळ्याचं पक्वान्न. अन् मामाजी म्हणू नको अजून.”

शिंगाळा म्हणजे मिशांचा मासा. अंगावर खवले नाहीत, तोंडाला लांब मिशा, आणि पाठीवर नि कल्ल्यांपाशी असे काटे की टोचला तर हात कोपरापर्यंत सुजतो. तो डोहाच्या तळाशी चिखलात मिशा फिरवत हिंडतो. डोळ्यांपेक्षा त्याचा मिशांवर विश्वास जास्त. त्या बाबतीत तो आमच्या पाटलासारखा होता. नत्थुजीने गळाला तो ऐवज लावला, दोरीला दगड बांधला आणि गळ डोहाच्या उतारावर, जिथे पाणी एकदम काळं होतं तिथे टाकला. दोरीचं वेटोळं काठावर ठेवलं, तिचा एक फेरा मातीत रोवलेल्या काठीला दिला आणि काठीच्या टोकाला बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू बांधलं.

“वाजलं की मासा. पण वाजल्यावर ओढाचं नाही. पहिल्यांदा तो वास घेते. मंग चव घेते. मंग इचार करते. मंग तोंडात घेऊन चालाले लागते. तो चालाले लागला की झटका.”

“अन् इचार किती वेळ करते?”

“तू गप्प असशील तर कमी करते.”

मी गप्प बसलो. म्हणजे मला तरी तसं वाटत होतं. पण नत्थुजीच्या म्हणण्याप्रमाणे मी त्याला सकाळभरात मासा झोपतो का, त्याला थंडी वाजते का, मिशा पिकतात का आणि शिंगाळ्याला आजी असते का, हे सगळं विचारलं. भाव मात्र विचारला नाही.

खरी पंचाईत वेगळीच निघाली. घुंगरू वाजलं की मासा, हे ठीक. पण रस्त्यावरून ज्या गाड्या चालल्या होत्या त्यांच्या बैलांनाही घुंगरं होती. एक गाडी गेली की मी काठीवर झडप घालायचो, आणि काठी आपली शांत. पुन्हा बसलो की दुसरी गाडी. गाडीवान पाण्यात उतरताना नत्थुजीला ओरडून भाव सांगायचे, कारण तशी पद्धतच होती. नत्थुजी उमेदवार नसल्यामुळे मान डोलवायचा. मी कानांवर हात ठेवावे तर घुंगरू ऐकू येईना, काढावे तर भाव ऐकू येई. कालचा भाव होता, म्हणून अजून बेतात होतं. आजचा भाव अमरावतीत ठरायचा होता आणि तो दुपारनंतर परतणाऱ्या गाड्यांबरोबर येणार होता.

डोक्यावर ऊन आलं तेव्हा पार्बता भाकरी घेऊन आली. तिने टोपली करंजाखाली ठेवली आणि बापाला विचारलं, “गप्प आहेत का?”

“भाव नाही इचारला. बाकी सारं इचारलं. शिंगाळ्याले आजी असते का हे बी इचारलं.”

“असते?”

“मले काय माहीत!” नत्थुजी चिडून म्हणाला. “आता तू बी सुरू झाली?”

पार्बताने मला भाकरी, ठेचा आणि कांदा दिला. मी खाताना ती काठीकडे पाहत होती. मग म्हणाली, “अवघड जाऊन राहिलं का?”

“भावाचं नाही,” मी म्हणालो. “वासाचं जाऊन राहिलं.”

तिच्या डोक्यावर या खेपेला घागर नव्हती. ती हसली. नत्थुजीने मडक्यावर झाकण ठेवलं आणि आम्हा दोघांकडे पाठ केली. मी मनात म्हटलं, झालं आता, मासा तेवढा राहिला. मासा तेवढाच राहिला होता हे खरं, पण तो मोठा होता.

दुपार कलली आणि गाड्या परतू लागल्या.

आता एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती, पण तुम्ही काही उमेदवार नाही, म्हणून सांगून ठेवतो. मरिकेतल्या भावांचं भांडण मिटलं होतं. ती बातमी त्या दिवशी सकाळी अमरावतीच्या बाजारात येऊन पोचली, आणि भाव जो बसला तो उठेना. सकाळी ज्या कापसासाठी लोक एकमेकांची उपरणी ओढत होते त्याकडे दुपारी कोणी बघेना.

मला दिसलं ते एवढंच की परतणाऱ्या गाड्या भरलेल्या आहेत. एकामागून एक, सकाळी गेल्या तशाच, पांढऱ्या ढिगांसकट. कोणी ओरडत नव्हतं. गाडीवान पाण्याकाठी गाड्या सोडत, बैलांना पाणी पाजत आणि तिथेच मातीत बसत. एक जण नुसता स्वतःच्या चाकाकडे पाहत होता. एक जण नत्थुजीपाशी आला, त्याच्या कानात काही बोलला आणि गेला. नत्थुजीने पागोटं काढलं, मांडीवर ठेवलं आणि टकलावरून हात फिरवला. त्याच्या घरी कोठी भरून कापूस होता, भाव आणखी वाढेल म्हणून ठेवलेला.

“ऊन आहे आज,” मी म्हणालो.

“हो,” नत्थुजी म्हणाला. “भल्लं ऊन आहे.”

मग शफीक आला. माझी गाडी भरलेली होती. त्याने बैल सोडले आणि माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसला. त्याचे ओठ हलत होते. मी पाण्याकडे पाहिलं.

“शालिक,” तो म्हणाला, “भाई, एक बार इचार ना.”

“नाही.”

“मी मरून राहिलो बे! खुदा की कसम, माझ्या पोटात मावून नाही राहिलं. तुझाच तर कापूस आहे!”

“दिवस मावळल्यावर.”

“तवपर्यंत मी फुटीन!”

तो उठला, तरातरा बैलापाशी गेला आणि त्याच्या कानाला तोंड लावून सगळं सांगू लागला. बैल मान हलवत होता. मी नत्थुजीकडे पाहिलं. तोच पंच होता.

“चालते,” नत्थुजी म्हणाला. “बैल उमेदवार नाही.”

पण शफीकचा आवाज दलालाचा होता. बाजाराच्या एका टोकाला बोलला तर दुसऱ्या टोकाला सौदा व्हायचा. तो बैलाला कुजबुजत होता आणि मला शब्द लागू लागले होते. “लढाई...” एवढं आलं. मी उठलो, माझ्याच गाडीतून कापसाची मूठ घेतली, दोन बोळे केले आणि दोन्ही कानांत ठासून बसवले. त्या दिवशी अख्ख्या वऱ्हाडात कामाला आलेला कापूस तेवढाच.

मी परत येऊन बसलो. जग छान शांत झालं होतं. आणि मग लक्षात आलं की मला घुंगरूही ऐकू येणार नाही. काही हरकत नाही, काठीकडे डोळे लावून बसू. तर शफीक माझ्या नि काठीच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि हातवारे करू लागला. एक हात डोक्यावर नेला, तिथून सरळ खाली आणला आणि जमिनीवर आपटला. मग तो हात मातीत पुरल्यासारखं करू लागला. मी पंचाकडे पाहिलं. पंचाने बोट हलवलं: बघायचं नाही, बघणं म्हणजे ऐकणंच.

मी डोळे मिटले.

आता कान बंद, डोळे बंद, आणि डोहात आमिष. मी चाचपडत दोरी धरली, काठीवरून सोडवली, वेटोळं मांडीशी घेतलं आणि दोरीचं शेवटचं टोक उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. तिचा मधला भाग बोटांत धरला. मला वाटतं वऱ्हाडात इतका निवांत माणूस त्या घटकेला दुसरा नव्हता. माझ्या चारी बाजूंना लोक बुडाले होते आणि मी एकटा काठावर श्रीमंत बसलो होतो.

असा किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. गालावरचं ऊन मऊ झालं एवढं कळलं. आणि दोरी बोटांत हलली.

हलली म्हणजे कोणी तरी हळूच दार वाजवावं तशी. मी म्हटलं, वास घेतोय. मग दोनदा हलली. चव. मग काहीच नाही. मी हललो नाही. विचार करू दे त्याला. त्याला काही घाई नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मलाही नव्हती. मग दोरी बोटांतून सरकू लागली, सावकाश, एका दिशेने, पान खाऊन घरी निघालेल्या म्हाताऱ्यासारखी. चालाले लागला!

मी झटका दिला. पलीकडून जो झटका आला त्यात वेटोळं सरसरून संपलं, बोटं पोळली, आणि माझा उजवा पाय माझी परवानगी न घेता डोहाकडे निघाला. बाकीचा मी त्याच्यामागून, बसल्या बसल्या.

मी डोळे उघडले तेव्हा कमरेपर्यंत पाण्यात होतो, एका पायावर. काठावर सगळे गाडीवान उभे राहून ओरडत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. पुढे काळ्या पाण्यातून एक पाठ वर आली, करड्या म्हशीच्या रेडकाएवढी, आणि पुन्हा खाली गेली. मासा पळाला की दोरी सोडायची असते हे मला ठाऊक होतं. पण दोरी संपली होती. सोडायचा तर मलाच सोडावा लागणार होता. मी लंगडी घालत त्याच्यामागे चाललो. अंगठा जांभळा झाला होता.

तेवढ्यात माझ्या शेजारी पाण्यात पार्बता आली. लुगडं खोचलेलं, हातात कोणा गाडीवानाचा विळा. तिने दोरी माझ्या मुठीत पक्की दिली, खाली वाकून अंगठ्यापाशी कापली, आणि मला काही कळायच्या आत माझ्या डोक्यावरचं पागोटं ओढून त्याचं टोक दोरीला बांधलं. गाठ अशी मारली की ती नंतर सुटलीच नाही, कापावी लागली. मासा पुन्हा पळाला. पागोटं माझ्या हातांतून उलगडत, सळसळत डोहात गेलं, आणि मला प्रथमच कळलं की मी ते एवढं लांब कशासाठी घेतलं होतं.

दुसरं टोक काठावर गाडीवानांनी धरलं. ते ओढायला लागले तसा नत्थुजी त्यांच्यापुढे दोन्ही हात पसरून नाचू लागला. तो काय म्हणत होता ते पार्बताने नंतर सांगितलं: “तो येते तवा घ्या, जाते तवा द्या! बाजार आहे काय हा, ओढाताण करून राहिले!” मासा गेला की ते देत, आला की घेत. माणसांच्या चेहऱ्यांवर दुपारपासून जे होतं ते कुठल्या कुठे गेलं होतं. चाकाकडे पाहत बसलेला माणूस सगळ्यांत पुढे होता, गुडघाभर पाण्यात, आणि त्याची जीभ बाहेर आली होती.

शिंगाळा थकला. आधी मिशा दिसल्या, मग तोंड, आणि ते तोंड मला पाहून मुळीच खूश झालं नाही. उथळ पाण्यात तो आडवा झाला तसा मी पागोट्याची घडी हाताभोवती गुंडाळली, काट्यांच्या मागून कल्ल्याखाली हात घातला आणि त्याला छातीशी धरून उठलो. डोकं माझ्या काखेत होतं आणि शेपूट घोट्याशी. मी काठावर आलो आणि मातीत बसलो. मासा माझ्या मांडीवर. कोणी तरी माझी पाठ थोपटत होतं, कोणी तरी माझ्या उघड्या डोक्यावर पाणी ओतत होतं. शफीक बैलाच्या गळ्यात पडून रडत होता.

सूर्य बाभळींच्या मागे गेला. पार्बताने वर पाहिलं, मग माझ्याजवळ येऊन आपल्या कानांकडे बोट केलं. मी कानांतले बोळे काढले.

पाण्याचा आवाज येत होता आणि बैलांच्या रवंथाचा.

“दिवस मावळला,” पार्बता म्हणाली. “अट सरली. आता काय इचाराचं ते इचारा.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. नत्थुजीने तोंड फिरवलं. शफीक तोंड उघडून पुढे झुकला होता, उत्तर त्याच्या जिभेवर इतकं आलं होतं की ढकललं असतं तर बाहेर पडलं असतं. मी बडबड्या असेन, आंधळा नव्हतो. डोळे मिटण्याआधी मी भरलेल्या गाड्या पाहिल्या होत्या आणि माझीही पाहिली होती. मी पार्बताकडे पाहिलं. तिचं लुगडं छातीपर्यंत भिजलं होतं, कपाळाला चिखल होता, विळा अजून हातात होता.

“मीठ आहे का?” मी विचारलं.

तिने विळा खाली ठेवला. मग म्हणाली, “आहे.”

“अन् तिखट?”

“तिखट बी आहे.”

“या अल्ला,” शफीक मातीत बसत म्हणाला. “मीठ!”

नदीकाठी त्या संध्याकाळी जितक्या गाड्या तितक्या चुली पेटल्या. शिंगाळा नत्थुजीने कापला आणि ज्याला त्याला त्याचा तुकडा दिला. ज्याने त्याने आपापल्या चुलीवर आपल्या हाताने शिजवला. घरी काय सांगायचं या धास्तीने जे घरी जात नव्हते ते मिरच्यांवरून भांडू लागले. कोणाच्या रश्श्याला जास्त तवंग आला याच्या पैजा लागल्या. नत्थुजीने चारदा सांगितलं की आमिष त्याचं होतं.

“पण पार्बतानं दोरीले हात लावला,” एक गाडीवान म्हणाला. “हे अटीत बसते का?”

“दोरी माझी आहे,” नत्थुजी म्हणाला. “पोट्टी बी माझी आहे. तू आपला रस्सा पाह्य, उतू जाऊन राहिला.”

रस्सा उकळत असताना शफीकने मला भाव सांगितला. मीच त्याला खूण केली, सांग म्हणून. नाही तर तो जेवला नसता. मी ऐकून घेतला. मग पार्बताने तिखटाचा डबा मागितला आणि मी तो द्यायला उठलो.

“आता कापसाचं काय कराचं?” शफीकने विचारलं.

“गाद्या भरू.”

“एवढ्या?”

“झुडपाले बी एक देऊ. त्याच्याशी बी माझं लग्न आहे.”

नत्थुजी चुलीपलीकडून लेकीकडे पाहत होता. हळूच म्हणाला, “पार्बते, बाई, एक पाह्य. सकाळी हा पोट्टा श्रीमंत होता.”

“सकाळी आपण बी होतो, बाबा,” पार्बता म्हणाली. “पान वाढून राहिली, सरका जरा.”

आमच्याकडे मोठा मासा आला की त्याचं मुंडकं घरच्या माणसाला वाढत नाहीत आणि पाहुण्यालाही वाढत नाहीत. ते जावयाचं. नत्थुजी मांडी घालून सरसावून बसला होता, कारण जावई नसेल तेव्हा ते म्हाताऱ्याला मिळतं. पार्बताने पळी घातली, मिशांसकट ते अख्खं मुंडकं बाहेर काढलं, बापाच्या पानावरून नेलं आणि माझ्या पानात ठेवलं. ते पानात मावलं नाही. गाडीवानांनी असा गलका केला की बैल उठून उभे राहिले.

शिंगाळ्याच्या मुंडक्यात खरं म्हणजे खाण्यासारखं काही नसतं. मी ते चूल विझेपर्यंत खात होतो.